लाल भट्टीतले चार रॉड

अकोला,
२० फेब्रुवारी १९५८

प्रिय पुंजाराम,

दवाखान्यात आता थोडा उतार पडला असेल अशी आशा करतो. मी अजून भेटायला आलो नाही याचा राग धरू नकोस. बॉयलर बंद पडल्यापासून तेलगिरणीत जी धावपळ चालली आहे, ती तू नसतानाही तुला कळेल. पंधरा वर्षं तू या बॉयलरच्या तोंडाशी उभा राहिलास.

अकरा तारखेला, मंगळवारी, हे झालं तेव्हा मी गिरणीत नव्हतो. आईची तब्येत बिघडल्याचा निरोप आला म्हणून सोमवारीच अमरावतीला गेलो होतो. बुधवारी परतलो तर कळलं, तुला त्याच सकाळी अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात हलवलं. बडनेऱ्याच्या आसपास आपण एकमेकांना ओलांडून गेलो असू.

तुझ्याबरोबर पाळीवर असलेल्या देवीदासनं मला सगळं सांगितलं. वाफेच्या नळ्या ज्यांच्यावर टांगलेल्या होत्या त्या चार रॉडांपैकी एक तुटला, नळ्यांचा अख्खा जुडगा खाली आला, सांधा फाटला आणि भट्टीत पाहायच्या खिडकीतून वाफ तुझ्या अंगावर आली. तरी तू मागं न पळता हातानं वाफेचा वाल बंद केलास. देवीदास सांगताना रडत होता. तो आणि आणखी दोघं तुझ्यामुळे वाचले.

आता एक कामाचं सांगतो. मार्चमध्ये चौकशी होईल. गिरणीच्या मुख्य कार्यालयातून एक आणि सरकारी बॉयलर खात्यातून एक, असे दोन साहेब येणार आहेत. तुला बोलता येत असेल तर तुझाही जबाब घेतील. तू फक्त त्या दिवशी काय दिसलं तेवढं सांग. रॉड लांब होत होते, आपण दर रविवारी मोजत होतो, या गोष्टी तिथं काढू नकोस. त्या तांत्रिक गोष्टी आहेत, साहेब लोक त्याचा भलताच अर्थ लावतील. माझ्यावर सोड.

दुर्गावहिनींना आणि डोमाजीबाबांना नमस्कार.

तुझा,
भगवंत


अकोला,
९ मे १९५८

प्रिय पुंजाराम,

चौकशीचा निकाल तुझ्यापर्यंत आला असेलच. तुझं बॉयलर चालवायचं सर्टिफिकेट काढून घेतलं याचं मला फार वाईट वाटलं. दुसऱ्या वर्गाच्या त्या परीक्षेसाठी आपण दोघांनी जुन्या कापूसबाजाराच्या ओट्यावर बसून कशी घोकंपट्टी केली होती, ते मी विसरलेलो नाही.

पण तूही माझं ऐकलं नाहीस. एवढ्या लोकांसमोर उभा राहून म्हणालास, "मोजमापाची वही भगवंतसाहेबाजवळ हाय. त्यायले इचारा." हाताला पट्ट्या, आवाज खोल गेलेला, आणि सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मी जे उत्तर दिलं त्यात एकही शब्द खोटा नव्हता. मी म्हणालो, "अशी वही ठेवण्याची गिरणीत पद्धत नाही." पद्धत नव्हतीच. आपण आपल्या मनानं मोजत होतो.

भट्टी फार तापली असेल का, असं मला विचारलं. मी म्हणालो, शक्यता आहे. शक्यता तर असतेच. तुझा डोळा लागला असावा हे मी म्हटलं नाही. ते शालिकराम फोरमन म्हणाला. "नागपूरहून दीक्षा घेऊन आल्यापासून याचं कामात मन नाई" हेही तोच म्हणाला. मला ते आवडलं नाही. मी तिथं काही बोललो नाही, कारण त्यानं तुझा फायदा झाला नसता.

मॅनेजर केशवराव म्हणाले की तुझ्या दवाखान्याचं गिरणी पाहील. मला त्यांनी ज्युनियरवरून असिस्टंट इंजिनियर केलं आहे. ते आधीपासूनच ठरलं होतं, या प्रकरणाशी त्याचा संबंध नाही.

तू बाळापूरला वडिलांकडे, डोमाजीबाबांकडे, गेलास असं ऐकतो. हात बरे झाले की कळव. तुझ्यासाठी पहारेकऱ्याच्या जागेचं बोलून ठेवतो.

भगवंत


अमरावती,
१५ सप्टेंबर १९६३

पुंजा,

पाच वर्षांत मी तुला सहा पत्रं लिहिली आणि सहाही फाडली. हे सातवं सरळ टपालपेटीत टाकणार आहे, वाचून पाहणार नाही.

गिरणी मी दोन वर्षांपूर्वीच सोडली. आता इथल्या तांत्रिक शाळेत धातूंची परीक्षा शिकवतो. गेल्या पावसाळ्यात वर्कशॉपचे नत्थुजी आणि मी मिळून एक यंत्र उभं केलं. लहानशी विजेची भट्टी, तिच्यात उभी धरलेली स्टेनलेसची काडी, खाली लोंबतं वजन, आणि काडी किती लांब झाली ते दाखवणारा काटा. नत्थुजी चाळीस वर्षं लेथवर होते. ते म्हणाले, "सर, हे वजन तं काईच नाई. ह्या काडीले अख्खा मानूस लटकला तरी ढिम्म हालनार नाई." थंड असताना खरंच हलली नसती. मग आम्ही भट्टी तापवली. काडी लाल झाली आणि काटा सरकायला लागला.

तुला मी हे कधी नीट समजावून सांगितलं नाही. तू मोजायचास आणि मी लिहून घ्यायचो. आज सांगतो. स्टेनलेस म्हणजे गंज न चढणारं, एवढंच. न थकणारं नव्हे. लाल तापवून त्याच्यावर वजन ठेवलं की ते वाकत नाही, तुटत नाही, कुरकुरतही नाही. नुसतं लांब होत राहतं. पहिले काही दिवस भराभर, जसं नवीन दोरी ताण घेते. मग ते सावरतं, आणि महिनोन् महिने एकाच संथ चालीनं वाढतं. पाहणाऱ्याला वाटतं, आता हे असंच चालणार. मग कधीतरी ती चाल पुन्हा वाढते. आतून बारीक भेगा पडू लागतात, एखाद्या जागी काडी बारीक होते, तिथं ताण वाढतो, म्हणून ती आणखी लांब होते. ही तिसरी पायरी एकदा सुरू झाली की मागं फिरणं नाही. मग फक्त दिवस राहतात.

नवव्या दिवशी आमचा काटा जोरात पळू लागला. नत्थुजी म्हणाले, "आता तुटनार काय?" मी म्हणालो, "हो, उद्या." ते म्हणाले, "तुमाले एवढं पक्कं कसं मालूम?" मी बाहेर गेलो आणि शाळेच्या नळाखाली डोकं धरलं. दुसऱ्या दिवशी दुपारी काडी तुटली.

पुंजा, मला तेव्हाही मालूम होतं.

वही माझ्याजवळ आहे. करड्या पुठ्ठ्याची, रविवारची तारीख, चार रॉडांचे चार रकाने, आणि प्रत्येक पानाखाली तुझं वेडंवाकडं "पुं. डो." तू थंड भट्टीत सरपटत जायचास, आतून आकडा ओरडायचास, आणि मी बाहेर स्वच्छ कपड्यांत बसून लिहायचो. रॉडावर दहा इंचांच्या अंतरानं दोन खुणा ठोकायची अक्कलही तुझीच. नोव्हेंबर छप्पनमध्ये तूच मला म्हणालास, "भगवंता, हे नये रॉड लंबे होऊन राहिले. माह्या डोयाले दिसते." मी हसलो होतो. मग मोजलं आणि हसू गेलं.

वर्षभर तिसरा रॉड आठवड्याला इंचाच्या हजार भागांपैकी पाच भाग वाढत होता. पाच, पाच, सहा, पाच. डिसेंबर सत्तावन्नच्या शेवटी आठ. मग अकरा. मग सतरा. दोन फेब्रुवारीला एकतीस. तू आतून आकडा ओरडलास, आणि मी तुला पुन्हा मोजायला लावलं. तू पुन्हा मोजलंस. एकतीसच.

तो कागद घेऊन मी केशवरावांकडे गेलो होतो. सरकीचा ऐन हंगाम होता. ते म्हणाले, "रॉड बदलायचे म्हणजे तीन आठवडे बॉयलर बंद. एप्रिलपर्यंत निघणार नाही काय? तूच सांग, इंजिनियर तू आहेस." मी म्हणू शकलो असतो, निघणार नाही. मी म्हणालो, "कदाचित निघेल." मग त्यांनी माझ्याकडून लिहून घेतलं की वाढ स्थिर आहे. मी सही केली. आणि बाहेर येऊन तुला सांगितलं, "साहेबांना कळवलंय, काळजी करू नको." तू म्हणालास, "बरं झालं बापा."

नऊ तारखेला तिसरा रॉड त्रेपन्न वाढलेला निघाला. त्या संध्याकाळी मी बसून हिशेब केला. मंगळवार किंवा बुधवार, असं उत्तर आलं.

आई आजारी नव्हती. कसलाही निरोप आला नव्हता. तो हिशेब केला म्हणून मी सोमवारी रजा घेतली. स्वतःला सांगितलं की थोडा आराम हवा आहे. अमरावतीला घरी बसून मंगळवारी दिवसभर रस्त्यावर तारवाला दिसतो का ते पाहत होतो. पुंजा, मी माझं अंग त्या भट्टीपासून दूर नेलं, आणि तुला तिथं उभं ठेवलं. तुला एवढंच म्हणायचं होतं की उद्या खिडकीसमोर उभा राहू नकोस. तेवढंही म्हणालो नाही, कारण मग तू विचारलं असतंस, काहून?

चौकशीत वही काढली असती तर तुझ्यावरचा डाग गेला असता आणि माझी सही बाहेर आली असती. म्हणून काढली नाही.

आता तू सांगशील तसं करीन. तू म्हणालास तर वही बॉयलर इन्स्पेक्टरच्या कचेरीत नेऊन देतो. तू जुनं उकरू नको म्हणालास तर तेही मान्य करीन. तू सांग.

भगवंत


बाळापूर,
२९ सप्टेंबर १९६३

भगवंतसाहेब यांस जयभीम.

हे पत्र मी दुर्गा लिहून राहिली. यायच्या बोटायनं पेन धरल्या जात नाई. मी बायांच्या वर्गात लिहाले शिकली. चुकलं असन तं समजून घ्या. ते सांगून राहिले तसं लिहिते.

तुमचं पत्र मी यायले दोनदा वाचून दाखवलं. तुमी इचारता वही देऊ काय. मले काहून इचारता? रॉड मोजाले म्या तुमाले इचारलं होतं, रॉड तुटाले तुमी मले इचारलं नाई. तुमचं काम तुमी करा. माह्या होकाराची वाट पाहून बसान तं आनखी पाच साल जातीन.

दुसरं. त्या बॉयलरवर आता देवीदास हाय. ते झाल्यावर नये जाडे रॉड टाकले असं तो म्हने. ते बी स्टेनलेसचेच हाय. अवंदा भट्टी पयल्यासारखी तापवून राहिले असंही म्हने. त्याचे रॉड कोनी मोजले? तुमाले मालूम हाय काय? तुमी तं मास्तर हा.

एवढं यायचं. आता माहं. मी पाच साल यायले म्हनत होती का तुमचा डोया लागला असन, कबूल करून टाका, मन हलकं होईन. हे गप्प राहत. मले तुमच्याशी काई बोलाचं नाई.

दुर्गाबाई पुंजाराम


अमरावती,
३० ऑक्टोबर १९६३

पुंजाराम,

दुर्गावहिनींचं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी वही आणि माझा सात पानांचा लेखी जबाब घेऊन मी बॉयलर इन्स्पेक्टरच्या कचेरीत गेलो. जाण्याआधी आईला सांगितलं. ती बाजारात न्यायची वांगी निवडत होती. सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "माह्या दुखन्याचं नाव काहून घेतलं रे? मी तं त्या दिवशी दिवसभर बाजारात बसली होती." मग ती वांगी निवडत राहिली. अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

कचेरीतल्या साहेबांनी वही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पाहिली. आकड्यांवरून बोट फिरवत गेले आणि जानेवारी अठ्ठावन्नपाशी थांबले. "हे वाचून कुणालाही कळलं असतं," ते म्हणाले. मी हो म्हणालो. "पाच वर्षं तुम्ही काय करत होता?"

मी त्यांना देवीदासबद्दल सांगितलं. त्यांना ते आधी पटेना. गिरणीचं सर्टिफिकेट चालू होतं, हंगामाच्या आधी तपासणीही झाली होती. पण पाण्याचा दाब घेऊन नळ्या तपासतात, रॉडांची लांबी कुणी घेत नाही. जाड रॉडांनी सुटका होत नाही, फक्त मुदत वाढते, हे मी शाळेतल्या यंत्राच्या आकड्यांवरून दाखवलं. तीन आठवडे खेटे घातल्यावर ते म्हणाले, रविवारी जाऊ.

या रविवारी गेलो. केशवराव फाटकाशी होते. केस पिकले आहेत. साहेबांना नमस्कार करून मला बाजूला घेतलं. "भगवंत, तुझी सही आहे त्या कागदावर. बुडशील तूच." मी म्हणालो, "माहीत आहे." ते म्हणाले, "त्या माणसाला नुकसानभरपाई हवी असेल तर आपण देऊ. हे कशाला?" मी बॉयलरच्या शेडकडे चालू लागलो.

देवीदास तिथं होता. माझ्याकडे बघून त्यानं मान फिरवली. साहेबांनी दार उघडायला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "आत कोन जाते? म्या जाऊ?" मी म्हणालो, "नाही, मी जातो."

पुंजा, पंधरा महिने तू ज्या दारातून दर रविवारी आत गेलास, त्यातून मी आयुष्यात पहिल्यांदा गेलो. खांदे तिरके केल्याशिवाय माणूस आत शिरत नाही, हे मला माहीत नव्हतं. आत गुडघ्याखाली राख, वर नळ्या, आणि मान वळवायला जागा नाही. कंदील छातीवर ठेवावा लागतो. तू आकडे ओरडायचास ते फार लांबून आल्यासारखे का वाटायचे, ते आता कळलं.

या रॉडांवर कुणीही खुणा ठोकलेल्या नाहीत. नकाशात प्रत्येकाची लांबी छत्तीस इंच आहे. पहिला सदतीस भरला, चौथा सदतीसला थोडा कमी. तिसरा साडेसदतीस. दुसऱ्याला पट्टी लावायच्या आधीच माझी बोटं वरून खाली गेली आणि मधे एका जागी खळग्यात उतरली. रॉड तिथं बारीक झाला होता. कंदील जवळ नेला तर त्या खळग्यात केसासारख्या आडव्या रेघा. तो साडेएकोणचाळीस भरला. मी आकडा ओरडून सांगितला. बाहेरून साहेब म्हणाले, "पुन्हा मोजा." मी पुन्हा मोजलं.

बाहेर आलो तेव्हा साहेबांनी लगेच बॉयलरला सील ठोकायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, तो पेटणार होता. देवीदास खाली बसला. म्हणाला, "पुंजाभाऊनं वाल बंद केला तवा मी मांगं उभा होतो. इन्क्वायरीत मले मालूम होतं का त्याचा डोया लागला नोयता. मी बी चूप राहलो, साहेब. नौकरी होती." मग त्यानं साहेबांना ते लिहून दिलं. सहीत पूर्ण नाव लिहिलं.

हे सगळं तुला कळावं म्हणून लिहिलं. उत्तर मागत नाही.

भगवंत


अमरावती,
१० फेब्रुवारी १९६४

पुंजाराम,

फेरचौकशीचा निकाल तुझ्या हातात पडला, तो मी वाचला नाही. साहेबांनी तोंडी सांगितला. कामगाराची काहीही चूक नव्हती, असं त्यात लिहिलं आहे. तुझं सर्टिफिकेट परत मिळालं. ते आता तुझ्या काय कामाचं, हे तू विचारलं नाहीस. पण ते घेताना तू दोन्ही तळव्यांमध्ये धरलंस, बोटं मिटत नाहीत म्हणून, ते मी दारातून पाहिलं.

माझ्यावर खोट्या जबाबाचा खटला होईल. शाळेनं मला जायला सांगितलं. आईबरोबर भाजीच्या गाडीवर बसतो. याची कीव यावी म्हणून लिहीत नाही. केशवरावांवरही ठपका आहे, पण माझ्या सहीशिवाय त्यांचं काही चाललं नसतं हे मला ठाऊक आहे.

आता ज्याच्यासाठी हे पत्र आहे ते सांगतो.

निकालाच्या दिवशी तू आत साहेबांसमोर होतास आणि बाहेर बाकावर मी आणि दुर्गावहिनी होतो. मधे दोन माणसांची जागा मोकळी होती. त्या भिंतीकडे पाहत होत्या. माझ्याकडे न वळता म्हणाल्या, "तुमाले एक सांगते. यायनं सांगू नको म्हटलं होतं." आणि त्यांनी डोमाजीबाबांच्या शेवटच्या दिवसाचं सांगितलं.

बाबा साठ साली गेले हे मला माहीत होतं. कसे गेले ते माहीत नव्हतं. ते अंथरुणावर होते आणि तुला जवळ बसवून म्हणाले, "पोरा, झोप लागली असन तं कबूल कर. मानसाले झोप लागते. लपवू नको फक्त." दोन दिवस तेच विचारत होते. तिसऱ्या दिवशी तू म्हणालास, "हाव बाबा, डोया लागला होता." मग बाबांनी डोळे मिटले आणि संध्याकाळी गेले.

वहिनी म्हणाल्या, "मरत्या मानसाचा जीव अटकला म्हनून यायनं ते खोटं आंगावर घेतलं. तुमच्या कागदानं सरकारचं लिहिलेलं खोडलं. हे कसं खोडता?"

पंधरा दिवस तेच डोक्यात घोळवत राहिलो. मग काल मी बाळापूरला आलो. काल तू देवीदासकडे अकोल्याला जाणार हे त्यानंच मला सांगितलं होतं, म्हणून कालचा रविवार धरला. तुझ्यासमोर बोललो असतो तर ते तुला ऐकवण्यासाठी झालं असतं. मला ते बाबांच्या लोकांना सांगायचं होतं.

वस्तीतल्या विहारापुढं वंदना नुकतीच आटोपली होती. पन्नास-साठ माणसं असतील. म्हातारे किसनराव पुढं बसले होते. ते बाबांचे सोबती हे मला वहिनींनी सांगितलं. मी हात जोडले आणि म्हणालो, मला काही सांगायचं आहे. कुणी बस म्हणालं नाही, कुणी जा म्हणालं नाही. मी उभ्यानंच सांगितलं. रॉड, वही, माझी सही, माझी रजा. डोमाजींचा मुलगा त्या सकाळी टक्क जागा होता, आणि ज्याला सगळं माहीत होतं तो मी अमरावतीला घरात बसलो होतो. बाबांना सांगितलं ते त्यानं बाबांसाठी सांगितलं, खरं म्हणून नव्हे.

बायांमध्ये वहिनी होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला होता.

किसनराव म्हणाले, "डोमा मरायच्या दिवशी मी त्याच्यापाशी होतो. पोरगा हाव म्हनला तवा डोमानं माहा हात धरला. मले म्हने, किसना, पाह्य, माह्या पोरानं चूक लपवली नाई. अशी हिंमत लय कमी मानसायले असते. लय खुश होता तो." त्यांनी डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले. "आता तुमी म्हनता का ते खोटं होतं."

पुंजा, तुझा बाप ज्या गोष्टीसाठी मरताना तुझ्यावर खुश झाला, ती करायचं काम माझं होतं. ते मी केलं असतं तर तुला करावं लागलं नसतं. याच्यापुढं माफी हा शब्द माझ्या तोंडात बसत नाही, म्हणून तिथंही मागितली नाही आणि इथंही मागत नाही.

मी जायला वळलो. तेवढ्यात मागच्या बाजूनं एका म्हातारीनं विचारलं, "काय म्हनला तो? मले काई आइकू नाई आलं." तिच्या आजूबाजूचेही दोघं-तिघं म्हणाले, आम्हालाही नीट कळलं नाही. किसनरावांनी माझ्याकडे पाहिलं.

"मांगच्यायले समजलं नाई," ते म्हणाले. "पुढं या. तुमचं नाव सांगा, गाव सांगा, आन् पयल्यापासून सांगा. जोरानं."

मी पुढं गेलो आणि नाव सांगून पहिल्यापासून सुरुवात केली.

भगवंत